नुसत्या पाण्यातही क्लोराइड सापडतंय? सिल्व्हर नायट्रेटच्या टेस्टमधला दोष कसा शोधायचा

क्लोराइडच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की न विरघळणारा पांढरा साका, म्हणजे अवक्षेप, पडतो; ओळखायला दिलेल्या सॉल्टमध्ये क्लोराइड आहे का, हे त्यावरून ठरवतात. पण झिंक सल्फेट दिलेलं असतं आणि अर्धी बॅच जर्नलमध्ये क्लोराइड लिहून आणते. सोडियम नायट्रेट दिलं तरी क्लोराइडच. शेवटी कुणीतरी हट्टानं नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून बघतं, तर तेही दुधाळ. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या हंगामात ही तक्रार पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी पहिला संशय सॉल्टच्या बाटलीवर जातो. "सॉल्टच भेसळीचं आलंय, सर."

सॉल्टमध्ये दोष फार क्वचित असतो. तो असतो पाण्यात, काचेच्या सामानात, आम्लाच्या बाटलीत किंवा सोडा एक्स्ट्रॅक्टमध्ये (सॉल्ट सोडियम कार्बोनेटबरोबर उकळून गाळलेल्या द्रावणात). नेमका कुठे, हे तीन टेस्ट ट्यूबमध्ये कळतं. त्या तीन ट्यूब न लावता सॉल्ट बदलत बसलं की बॅचचा वेळही जातो आणि सिल्व्हर नायट्रेटही, जे लॅबच्या कपाटातल्या महाग रसायनांपैकी एक आहे.

आधी हे बघा, की टेस्ट किती नाजूक आहे

सिल्व्हर क्लोराइड शुद्ध पाण्यात लिटरला जेमतेम २ मिलिग्रॅम विरघळतं. त्यातला क्लोराइडचा वाटा साधारण अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोराइड असेल आणि तुम्ही सिल्व्हर जास्त घातलं असेल, तर अवक्षेप यायला काही अडचण नाही. आता नळाच्या पाण्याचा विचार करा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालतं. समजा तुमच्या नळाच्या पाण्यात १०० आहे. धुतलेल्या ट्यूबच्या तळाशी त्याचा एकच थेंब राहिला आणि तुम्ही त्यावर २ मिली द्रावण घेतलं, तर त्या द्रावणात लिटरला अडीच मिलिग्रॅम क्लोराइड झालं. काळ्या कागदासमोर ट्यूब धरली तर पुसट धुकं दिसतं. विद्यार्थी घाईत असतो, धुकं दिसलं की तो "पांढरा पीपीटी" (प्रेसिपिटेट, म्हणजे अवक्षेप) लिहून मोकळा होतो.

दुसरी गोष्ट मी प्रत्येक बॅचला हात धरून दाखवतो, कारण ती कुठल्याच जर्नलमध्ये छापलेली नसते. ट्यूबच्या तोंडावर अंगठा ठेवून हलवायची सवय. निरोगी माणसाच्या घामात क्लोराइड लिटरला ३० मिलिमोलपर्यंत असू शकतं, म्हणजे हजार मिलिग्रॅमच्या आसपास. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात पंखे बंद असलेल्या लॅबमध्ये (बर्नर चालू असतात म्हणून ते बंदच ठेवावे लागतात) तो अंगठा ट्यूबवर गेला की टेस्ट तिथेच बिघडली. घामातल्या या क्लोराइडवरच सिस्टिक फायब्रोसिस या आजाराचं निदान करतात. ६० मिलिमोल किंवा त्यावर आकडा गेला तर संशय पक्का होत जातो. इतकं ते मोजता येण्याजोगं आहे. ट्यूब वरून बोटांत पकडून खालच्या टोकाला टिचकी मारत हलवायची. नाहीतर काचेच्या कांडीनं ढवळायचं, आणि ती कांडीही डिस्टिल्ड वॉटरनं खंगाळलेली हवी.

तीन ट्यूब

सॉल्टला हात न लावता तीन स्वच्छ ट्यूब घ्या. पहिलीत २ मिली डिस्टिल्ड वॉटर, डायल्यूट नायट्रिकचे पाच-सहा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. दुसरीत तेच, पण नायट्रिक नाही. तिसरीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये खायच्या मिठाचा एक कण, मग नायट्रिक, मग सिल्व्हर नायट्रेट. पाच मिनिटं अंधाऱ्या जागी ठेवा आणि काळ्या कागदासमोर आडवी नजर लावून बघा. फार्मसीच्या मुलांना हे ओळखीचं वाटेल. भारतीय औषधकोशातल्या क्लोराइडच्या लिमिट टेस्टमध्ये अशीच, काळ्या पार्श्वभूमीवर, दोन नळ्यांतल्या गढूळपणाची तुलना करतात.

पहिल्या दोन ट्यूब स्वच्छ आणि तिसरीत दह्यासारखा पांढरा साका, असं आलं तर तुमचं पाणी, आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट तिन्ही ठीक आहेत. दोष विद्यार्थ्याच्या ट्यूबमध्ये किंवा एक्स्ट्रॅक्टमध्ये शोधा.

पहिली दुधाळ आणि दुसरी स्वच्छ, तर नायट्रिकची बाटली दोषी.

पहिली स्वच्छ आणि दुसरी गढूळ, तर ट्यूबच्या काचेला धुण्याच्या सोड्याचा किंवा साबणाचा अंश राहिला आहे. कार्बोनेटमुळे सिल्व्हर कार्बोनेट पडतं, आम्लात ते विरघळतं, म्हणून पहिलीत दिसत नाही.

दोन्ही दुधाळ असतील तर पाणी किंवा काच. ट्यूब तीच ठेवून सीलबंद बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर वापरून बघा. आता स्वच्छ आलं तर लॅबचं पाणी बिघडलंय, तरीही दुधाळ आलं तर सामान नीट धुतलं गेलेलं नाही.

आणि तिसरीत काहीच आलं नाही, तर सिल्व्हर नायट्रेट मेलेलं आहे. ते कसं मरतं याकडे पुढे येतो.

पाणी आणि काच

डिस्टिल्ड वॉटरचा कॅन लॅबमध्ये कुठे ठेवलाय ते आधी बघा. कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिकच्या बाटल्या ज्या कपाटात आहेत त्याच्या शेजारी, झाकण अर्धवट लावलेला, असा असेल तर त्यातल्या पाण्यात आम्लाची वाफ विरघळणारच. ही वाफ डोळ्यांना दिसायची असेल तर अमोनियाची बाटली हायड्रोक्लोरिकशेजारी ठेवलेल्या कुठल्याही फळीवर बघा. सगळ्या बाटल्यांच्या मानेवर, लेबलांवर एक पांढरी भुकटी साचलेली असते. ती धूळ नव्हे, ते अमोनियम क्लोराइड आहे. ड्रॉपर काढताना तिचा कण द्रावणात पडला तरी क्लोराइडची टेस्ट येते, आणि अमोनियमचीही येते. दोन्ही एकदम आल्या तर त्या फळीकडे आधी जा. लॅबमधल्या मामांना सांगून त्या दोन बाटल्या कायमच्या वेगळ्या ठेवा. नंतरच्या कितीतरी तक्रारी त्यातच मिटतात.

ज्या लॅबमध्ये डिस्टिलेशनऐवजी पाण्यातले आयन रेझिनच्या मण्यांवर धरून काढणारा डीआय प्लँट आहे तिथे आणखी एक गोष्ट होते. ऋण आयन धरणारं रेझिन आधी संपलं आणि धन आयन धरणारं अजून काम करत असेल, तर पाण्यात येणाऱ्या क्लोराइडचं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन बाहेर पडतं. कंडक्टिव्हिटी वाढलेली दिसते आणि पीएच पेपर लाल दिशेला झुकतो. अशा वेळी पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. रेझिन रिजनरेट, म्हणजे पुन्हा ताजं, केल्याशिवाय सुटका नाही.

धुण्याबद्दल एकच हिशेब सांगतो. ट्यूब पालथी केल्यावर आतल्या भिंतीला अर्धा मिली पाणी चिकटून राहिलं असं धरा. ५ मिली डिस्टिल्ड वॉटरनं खंगाळून ओतलं की नळाच्या पाण्याचा अंश अकरापट कमी होतो. असं तीनदा केलं तर तेराशेपट. तेच १५ मिली पाणी एकदम ओतून खंगाळलं तर फक्त एकतीसपट. पाणी तेवढंच जातं, म्हणून थोडं थोडं, तीनदा.

आम्लाची बाटली

टेस्टमध्ये नायट्रिक हवं आणि हात जातो हायड्रोक्लोरिककडे. डेस्कवर दोन्ही डायल्यूट आम्लं शेजारी, दोन्ही बिनरंगी, लेबलं ओघळून पुसट झालेली. हायड्रोक्लोरिक पडलं की ट्यूबमध्ये भरघोस, दाट, सुंदर अवक्षेप येतो. पुस्तकात लिहिलेला अगदी तसाच. म्हणूनच तो फसवतो. पुसट धुक्यामागे बहुतेक वेळा पाणी असतं, पण सल्फेट किंवा नायट्रेटमध्ये एकदम दाट अवक्षेप आला तर आधी आम्लाच्या बाटलीचा वास आणि लेबल बघा.

ड्रॉपरची अदलाबदल हे याचंच लहान रूप. आणि डायल्यूट नायट्रिक बनवताना वापरलेलं पाणी नळाचं असेल तर वर्षभर प्रत्येक टेस्ट बिघडते. दोन लिटर आम्ल एकदम बनवायचं म्हणून नळाखाली धरलेली बरणी मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. त्यात बनवणाऱ्याचा आळस नसतो, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की या एका बाटलीला डिस्टिल्ड वॉटरच लागतं.

सोडा एक्स्ट्रॅक्ट

माझ्या मते तक्रारींचा सगळ्यात मोठा भाग इथला आहे. सॉल्ट पाण्यात विरघळत नसेल किंवा धन आयन टेस्टमध्ये लुडबूड करणार असेल, तर सॉल्ट सोडियम कार्बोनेटबरोबर उकळून, गाळून एक्स्ट्रॅक्ट घेतो. धातू बहुतेक कार्बोनेट होऊन गाळणीवर राहतो, ऋण आयन सोडियमबरोबर द्रावणात येतात. पण त्याबरोबर न वापरलं गेलेलं कार्बोनेटही भरपूर येतं. त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की फिकट पिवळसर पांढरं सिल्व्हर कार्बोनेट पडणारच.

म्हणून नायट्रिक घालायचं ते मोजून "पाच थेंब" असं नाही. थेंब थेंब घालत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. मग निळा लिटमस लाल होतोय ना हे बघायचं. मग उकळी आणायची, म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाईल, आणि थंड झाल्यावरच सिल्व्हर नायट्रेट. यातली लिटमसची पायरी विद्यार्थी हमखास गाळतात. अवक्षेप आल्यावर शंका असेल तर ट्यूबमध्ये आणखी नायट्रिक घाला: बुडबुडे येऊन अवक्षेप गेला तर ते कार्बोनेट होतं. जसाच्या तसा राहिला तर पुढे जा.

इथे स्वतंत्र ब्लँक, म्हणजे सॉल्टशिवाय केलेली तुलनेची टेस्ट, लागतो. साध्या दर्जाच्या सोडियम कार्बोनेटमध्ये थोडं क्लोराइड असतंच. सॉल्ट न घालता नुसता सोडा तितक्याच पाण्यात उकळून, गाळून, नायट्रिकनं तसंच आम्लधर्मी करून त्याची टेस्ट करा आणि ती ट्यूब रॅकमध्ये शेवटपर्यंत उभी ठेवा. विद्यार्थ्याची ट्यूब या ट्यूबपेक्षा ठळक दुधाळ असेल तरच क्लोराइड म्हणायचं.

क्लोराइडसारखे दिसणारे इतर

नायट्रिकमध्येही टिकणारा पांढरा अवक्षेप आला तरी काम संपत नाही. अमोनिया घालून बघायचं. सिल्व्हर क्लोराइड डायल्यूट अमोनियात सहज विरघळतं. ब्रोमाइडचा अवक्षेप फिकट पिवळसर आणि डायल्यूट अमोनियात जवळपास तसाच राहतो, कॉन्सन्ट्रेटेडमध्ये मात्र विरघळतो. आयोडाइडचा ठळक पिवळा, तो कशातच जात नाही. रंगावर भिस्त ठेवू नका, विशेषतः पिवळट प्रकाशाच्या बल्बखाली. क्लोराइड आणि ब्रोमाइडमधला फरक तिथे दिसत नाही. खिडकीपाशी जा.

आता इथला नेहमीचा घोळ. अमोनियाची बाटली जुनी असते, बूच सैल असतं, अमोनिया उडून गेलेला असतो. मग क्लोराइडही विरघळत नाही आणि विद्यार्थी ब्रोमाइड लिहितो. मिठाच्या ट्यूबवर, म्हणजे वरच्या तिसऱ्या ट्यूबवर, तोच अमोनिया वापरून बघा. ती विरघळली नाही तर बाटली बदला. आणि विरघळलेल्या द्रावणात पुन्हा नायट्रिक घातल्यावर पांढरा अवक्षेप परत आला, की मग क्लोराइड पक्कं. ही शेवटची पायरी मी कधीच सोडू देत नाही.

सावधगिरीचं एक: सिल्व्हर आणि अमोनियाचं मिश्रण रॅकमध्ये उद्यासाठी ठेवू नका. ठेवून ठेवून त्यात स्फोटक संयुग तयार होतं. टेस्ट झाली की लगेच आम्ल घालून ते मोडायचं.

सल्फाइड असेल तर अवक्षेप काळा येतो, ते लगेच कळतं. सल्फाइट पांढरा येतो पण नायट्रिकमध्ये जातो. फॉस्फेटचा पिवळा, तोही नायट्रिकमध्ये जातो. थायोसल्फेट आधी पांढरा, मग पिवळा, तपकिरी आणि शेवटी काळा. डोळ्यासमोर रंग बदलत जातो, त्यामुळे ट्यूबकडे अर्धा मिनिट थांबून बघणाऱ्याची चूक होत नाही. सल्फेटचं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. सिल्व्हर सल्फेट कमी विरघळणारं असतं, लिटरला आठ-साडेआठ ग्रॅम. मॅग्नेशियम सल्फेटचं अगदी दाट द्रावण घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेट सढळ हातानं टाकलं तर त्याचे बारीक स्फटिक दिसू शकतात. ट्यूब डिस्टिल्ड वॉटरनं भरून हलवली की ते विरघळतात. क्लोराइड पाणी घातल्यानं जात नाही. सॉल्टचं द्रावण पातळच घ्यावं, चिमूटभर पावडरला पाच मिली.

क्लोराइड, ब्रोमाइड एकत्र असल्याची शंका असेल तर क्रोमिल क्लोराइडची टेस्ट. कोरडं सॉल्ट, पोटॅशियम डायक्रोमेट आणि कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक. लालसर वाफ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये सोडली की द्रावण पिवळं होतं, आणि ॲसिटिक आम्ल व लेड ॲसिटेट घातल्यावर पिवळा अवक्षेप. ब्रोमाइडचीही तांबडी वाफ येते पण हायड्रॉक्साइडमध्ये पिवळं क्रोमेट होत नाही, म्हणून फक्त वाफ पाहून लिहू नये. सिल्व्हर आणि मर्क्युरीच्या क्लोराइडला ही टेस्ट नीट येत नाही. क्लोरेट असण्याची शक्यता असेल तर कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकला हातच लावू नका, स्फोट होतो.

मेलेलं सिल्व्हर नायट्रेट

दशांश मोलर द्रावणाला लिटरला १७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट लागतं. ते नळाच्या पाण्यात बनवलं तर थोडं सिल्व्हर बाटलीच्या तळाशीच बसतं, वर राहतं त्याची ताकद कमी. काटकसरीसाठी पातळ केलेलं द्रावण त्याहून वाईट: विद्यार्थी एक थेंब टाकतो आणि खरं क्लोराइडही "नाही" म्हणून लिहितो. तपकिरी बाटलीत, उजेडापासून दूर ठेवा. तळाला जांभळट काळा साका दिसला तर ती बाटली टेस्टसाठी वापरू नका. बोटांवर पडलं तर काळे डाग दिवसेंदिवस जात नाहीत, म्हणून हातमोजे घालायला लावा.

सल्फेट आणि नायट्रेटच्या शेजारच्या तक्रारी

सल्फेटसाठी बेरियम क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक वापरतो. त्याच ट्यूबमधलं उरलेलं द्रावण पुढे क्लोराइडच्या टेस्टला घेतलं तर काय होणार ते उघड आहे, तरी द्रावण पुरवून वापरण्याच्या नादात हे होतंच. द्रावण थोडंच असेल तर बेरियम नायट्रेट आणि नायट्रिक वापरा. पण सल्फाइट असेल तर नायट्रिकमुळे त्याचंच सल्फेट होतं, हे ध्यानात ठेवून.

कधी सल्फेट नसतानाही पांढरं काहीतरी पडतं. आम्ल कॉन्सन्ट्रेटेड घातलं असेल तर बेरियम क्लोराइड स्वतःच स्फटिक होऊन बाहेर येतं. पाणी घातल्यावर जातं. सॉल्ट लेडचं असेल तर लेड क्लोराइड पडतं. गरम केल्यावर विरघळतं आणि थंड झाल्यावर सुयांसारखे स्फटिक येतात. बेरियम सल्फेट यातल्या कशालाच दाद देत नाही.

नायट्रेटच्या टेस्टमध्ये फेरस सल्फेट आणि कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकनं येणारी तपकिरी कडी येत नसेल तर दहातल्या नऊ वेळा फेरस सल्फेट शिळं असतं. हिरवट स्फटिकांवर तांबूस पूड दिसली म्हणजे त्यातलं लोह फेरिक झालंय. रोज ताजं बनवा, सल्फ्युरिकचे दोन थेंब घालून. आम्ल भिंतीवरून हळू सोडा आणि ट्यूब हलवू नका. ब्रोमाइड-आयोडाइड असतील तर ते कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकमध्ये स्वतःचा रंग सोडतात, तेव्हा त्यांना आधी काढावं लागतं. नायट्राइटलाही अशीच तपकिरी छटा येते, पण ती नुसत्या डायल्यूट आम्लातही येते.

आकडा काढताना

आहे की नाही एवढं पुरत नाही, किती आहे तेही लागतं, तेव्हा मोर यांची पद्धत. १८५६ पासूनची, आजही पाण्याच्या तपासणीत रोज वापरली जाणारी. पोटॅशियम क्रोमेट घालून सिल्व्हर नायट्रेटनं टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून ते थेंब थेंब मोजून सोडायचं. क्लोराइड संपलं की पिवळ्या द्रावणात विटकरी छटा येते.

आकडा सतत जास्त येतो ही तक्रार असेल तर पीएच तपासा. तो ७ ते १० मध्ये हवा. आम्लधर्मी द्रावणात क्रोमेटचं डायक्रोमेट होतं, विटकरी रंग उशिरा येतो, सिल्व्हर जास्त जातं. याचं नेहमीचं कारण म्हणजे धातूंच्या तपासणीसाठी नायट्रिक घालून ठेवलेला नमुना चुकून क्लोराइडला घेतला जातो. पीएच १० च्या वर गेला तर सिल्व्हर ऑक्साइड पडतं. नमुन्यात सल्फाइट, सल्फाइड किंवा थायोसल्फेट असेल तर आधी हायड्रोजन पेरॉक्साइड द्यावं लागतं.

आणि इथेही ब्लँक. १०० मिली डिस्टिल्ड वॉटरला सहसा ०.२ ते ०.३ मिली सिल्व्हर नायट्रेट लागतं, कारण विटकरी रंग डोळ्यांना दिसण्यापुरतं सिल्व्हर जास्तीचं घालावंच लागतं. ते वजा करायचं. नमुन्याला १२.३ मिली लागलं, ब्लँकला ०.२, द्रावण ०.०१४१ नॉर्मल, नमुना १०० मिली, तर १२.१ गुणिले ०.०१४१ गुणिले ३५४५० भागिले १००, म्हणजे लिटरला ६०.५ मिलिग्रॅम. ब्लँकला २ मिली लागत असेल तर नमुन्याचा आकडा लिहूच नका, आधी वरच्या तीन ट्यूब लावा.

कोकणात खाडीकाठच्या विहिरींचे नमुने येतात तेव्हा उलटी अडचण होते: ब्युरेट रिकामं होतं आणि रंग बदलत नाही. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला १९ ग्रॅमच्या आसपास असतं. विहिरीत शंभरात एक भाग समुद्राचं पाणी शिरलं तरी १९० मिलिग्रॅम वाढतात, पाच भाग शिरले तर साडेनऊशे. असा नमुना १० मिली घेऊन १०० ला पातळ करा आणि शेवटी दहानं गुणा. हा आकडा फक्त पिण्यासाठीच महत्त्वाचा नाही. आयएस ४५६ प्रमाणे लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, साध्या काँक्रीटला २००० पर्यंत. सळया गंजवणारं तेच असतं, त्यामुळे बांधकामवाला नमुना घेऊन आला तर त्याला नुसतं "क्लोराइड आहे" असं लिहून देऊ नका, त्याला आकडा लागतो.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किटचं प्रशिक्षण देतात. थेंब मोजून करायची तपासणी असेल तिथे बाटली तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो आणि उत्तरही. बाटली उलटी करून अगदी उभी धरा. किटमधली बाटली नमुन्याच्या पाण्यानं दोन-तीनदा खंगाळून घ्या. आधीच्या विहिरीचा अंश त्यात राहतो. आणि ताई, गावात टाकलेली क्लोरीन पावडर पुरेशी झाली का, हे क्लोराइडच्या टेस्टनं कळत नाही. त्याची वेगळी बाटली किटमध्ये असते, आणि तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक हवं.

वापरून झालेलं सिल्व्हर

सिंकमध्ये ओतू नका. एक रुंद तोंडाची काचेची बरणी डेस्कवर ठेवा, सगळ्या ट्यूबमधला अवक्षेप आणि उरलेलं द्रावण त्यात. अमोनिया घातलेल्या ट्यूब नायट्रिक घालून आम्लधर्मी केल्यावरच त्या बरणीत जातील. दिवसाच्या शेवटी थोडं मीठ घातलं की उरलेलं सिल्व्हरही क्लोराइड होऊन खाली बसतं; वरचं पाणी निथळून काढा आणि साका साठवत जा, वर्षाअखेर सिल्व्हर परत मिळवता येतं. क्रोमेट असलेली टायट्रेशनची द्रावणं मात्र या बरणीत घालू नका. त्यात षट्संयुजी क्रोमियम असतं, ते कर्करोगकारक आहे. त्याची बरणी वेगळी, लेबल वेगळं, झाकण घट्ट.